सोड म्हणेपर्यंत

१२ जाने., सोम.
आज वाचलो. पेरूचे क्रेट भरून इंदापूरला निघालो होतो. हे चालवत होते, मी शेजारी. हायवेच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी आली. यांनी ब्रेक मारला तर पायडल चिखलात पाय जावा तसं खाली गेलं. भराभर तीनचारदा मारलं तेव्हा कुठं गाडी थांबली. ट्रॉली हातभर अंतरावर.
तिथून पुढं यांनी गाडी हळूहळू नेली. बाजारात क्रेट उतरवले.
परत येताना हे म्हणाले, "ब्रेकात हवा धरलीय. उद्या घरीच काढू."
आबांना भरवलं. दिवाळीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. सुनेच्या हातून घास घ्यायला अजून लाजतात. डोळे मिटून खातात.

१३ जाने., मंगळ.
दुपारी हवा काढली. यांनी अंगणात गाडी लावली, चाकांना दगड दिले आणि मागच्या डाव्या चाकाखाली शिरले. मी ड्रायव्हरच्या सीटवर. माझं काम एवढंच, "मार" म्हटलं की चारदा पायडल मारायचं, "दाब" म्हटलं की दाबून धरायचं. मग ते खाली निप्पल, म्हणजे चाकामागचा हवा काढायचा बारका नट, ढिला करतात. नळीतून ऑइल बाटलीत येतं, बुडबुडे येतात, पायाखालचं पायडल खचत जातं. निप्पल आवळला की "सोड".
"आधी सोडलंस तर उलटी हवा आत घुसंल. मी म्हणल्याबिगर पाय उचलायचा न्हाय."
"बरं."
असं चारी चाकांना. शेवटच्या चाकाला सहज मान वर केली. समोर ओसरीवर आबांची बाज. आबा उशीला टेकून. चादरीखाली त्यांचा पाय खाली रुतला, थोडा थांबला, वर आला.
उजवा पाय.
वाऱ्यानं चादर हलली असेल म्हटलं. पण वारा नव्हता.

१४ जाने., बुध.
पायडल टणक. हे खूश.
यांना पायाचं सांगितलं. "डावा आसंल. तुला समोरनं उलटं दिसलं."
आबांजवळ बसून म्हटलं, पाय हलवा बरं. काही नाही. अंगठ्याला चिमटा काढला. काही नाही. भिंतीकडं बघत राहिले.
सण म्हणून पोळ्या केल्या. एक खाल्ली त्यांनी.

१६ जाने., शुक्र.
पायडल परत मऊ. गाडीखाली ऑइलचा थेंब नाही, चाकं आतून कोरडी. यांना कळेना. परत हवा काढायला बसलो.
आज मी आधीच आबांच्या अंगावरची चादर काढून ठेवली.
"दाब." पाय खाली, टाच नवारीत रुतली. "सोड." पाय वर. यांचा आवाज गाडीखालून दबका येतो, नीट ऐकू येत नाही. थोड्या वेळानं मी आवाजाकडं लक्ष देणंच सोडलं. आबांचा पाय बघूनच दाबत होते, सोडत होते. एकदाही चुकलं नाही.
एकदा टाच आधी रुतली. मग खालून हे म्हणाले, "दाब."
यांना बाहेर बोलावलं. पाय गप्प. हे बाजेजवळ उभं राहून म्हणाले, "आबा, दाबा." गप्प. परत गाडीखाली जाऊन म्हणाले तर लगेच. मी मोबाइलवर काढून दाखवलं.
यांनी दोनदा बघितलं. मग हापशावर जाऊन बराच वेळ तोंड धूत होते.

१९ जाने., सोम.
बारामतीला आबांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडं नेलं. व्हिडिओ बघून बाई हरखल्या.
"शरीराला जुनी सवय असते. डोकं विसरलं तरी पाय विसरत नाही. ड्रायव्हर होते का हे?"
हे म्हणाले, "न्हाय. शेतकरी. सायकलबी कधी चालवली न्हाय त्यांनी."
बाईंनी व्हिडिओ परत लावला. म्हणाल्या, चांगलंच लक्षण आहे, रोज करत जा.
येताना आबा मागच्या सीटवर, मी त्यांना धरून. यांनी ब्रेक मारला तसं मी एकदाच त्यांच्या पायाकडं पाहिलं. मग बघितलं नाही.

२१ जाने., बुध.
पायडल तिसऱ्यांदा मऊ. हे गाडी हळूहळू निमगाव केतकीला मिस्त्रीकडं घेऊन गेले, मी बरोबर. मिस्त्री म्हणाला, हवेचा दोषच नाही. मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलंय. दाब आतल्या आतच निसटतो, बाहेर थेंब येत नाही. नवीन किट बसवलं. मग त्यानं आणि त्याच्या भावानं मिळून हवा काढली. पायडल दगडासारखं.
घरी आलो. आबांजवळ चुलतसासूबाईंना बसवून गेलो होतो.
त्या म्हणाल्या, "बरं झालं आलीस. म्हाताऱ्याचा पाय दुपारपासनं सारखा वरखाली हुतोय. थांबतंय, परत सुरू."
"कवापासनं?"
"च्याची येळ व्हायच्या जरा आधी."
मिस्त्रीचा भाऊ पायडल मारायला बसला तीच वेळ.
निमगावातली हाक इथं आमच्या वरकुट्यात ऐकू येत नाही.

२४ जाने., शनि.
गाडीला आता काही झालेलं नाही. तरी रोज दुपारी हे चांगल्या गाडीखाली जाऊन झोपतात. निप्पलला हात लावत नाहीत. नुसतं म्हणतात, दाब. सोड. दाब. सोड. आबांच्या पोटरीत जोर आलाय. तोंडावर रंग आलाय.
मी म्हटलं, पुरे आता.
"बाई म्हणल्या रोज करा म्हणून. बाप उठंल माजा."
कसं सांगू. हे बाहेर येऊन हात धुतात, जेवायला बसतात, आणि ओसरीवर तो पाय अजून वरखाली...

२५ जाने., रवि.
नामातात्या आले. आबांचे लहानपणचे सोबती, आता काठी टेकत येतात. हे गाडीखालीच होते. तात्यांनी आबांचा पाय बघितला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.
"कोण दाब म्हणतंय खालनं?"
"हे हायत, तात्या."
"भाईर काढ त्येला आदी."
मग सांगितलं. लग्नाआधी वरीसभर आबा एका ट्रकवर क्लीनर होते. सासूबाई होत्या तोवर त्यांनाही माहीत नव्हतं म्हणे.
"सोलापूरकडं रस्त्याच्या कडंला गाडी लावली व्हती. ब्रेकची हवा काढायची व्हती. उस्ताद, म्हंजी डायवर, खाली, ह्यो सीटवर. उस्तादानं दाब म्हणलं, ह्यानं दाबलं. पुढं सोड काय म्हणलंच न्हाय."
"का?"
"खालीच गेला त्यो. काळीज बंद पडलं. पाना हातात तसाच."
"आन् आबा?"
"बसला की पाय दाबून. उस्तादानं शिकवलेलं, म्हणल्याबिगर उचलायचा न्हाय. ऊन उतरलं तरी बसलेला. लोकांनी वढून काढला. तवापासनं गाडीला शिवला न्हाय."
हे ऐकत उभे होते. पाठीला माती तशीच.
तात्या जाताना आबांच्या गालावरून हात फिरवून गेले. आबांनी ओळखलं असं वाटलं नाही.

२८ जाने., बुध.
तीन दिवस कुणी हाक मारलेली नाही. तरी पाय चालू आहे. आधी वरखाली होता. आता दाबला जातो आणि तसाच राहतो. आज सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत. पोटरी लाकडासारखी. मी दोन्ही हातांनी उचलून बघितला, उचलेना. आजारी माणसाला एवढा जोर कुठून.
"सोडा आबा," मी म्हटलं. हेही म्हणाले. आबा आमच्याकडं बघत नाहीत. कान लावून आहेत. आमच्याकडं नाही.
यांना म्हटलं, तुम्ही गाडीखालून म्हणून बघा एकदा.
"मी न्हाय जाणार खाली," हे म्हणाले. एवढा घाबरलेला माणूस मी लग्नापासून बघितला नाही.
बारामतीच्या बाईंना फोन केला. गरम पाण्यानं शेका म्हणाल्या. शेकलं.

३१ जाने., शनि.
हे पेरू घेऊन सकाळी इंदापूरला गेले. अंगणात गाडी नाही.
अंघोळ घातल्यापासून आबांचा पाय दाबलेला. दहा वाजले, अकरा वाजले. बोटं पांढरी पडली. कपाळावर घाम, डोळ्यांच्या कडांतून पाणी. ओठ घट्ट मिटलेले. मला बघवेना.
पोतं अंथरलं आणि बाजेखाली शिरले.
वर नवार. टाचेचा फुगवटा माझ्या तोंडावर वीतभर. खालून ओसरी वेगळीच दिसते, नुसते उंबरे आणि उन्हाची पट्टी. म्हणायचा एकच शब्द होता. पण सासऱ्याला अरेतुरे कसं करायचं. तोंड उघडेना. पदर तोंडावर ओढला, म्हटलं आवाज जाड काढू, पुरुषासारखा. श्वास घेतला.
टाच वर गेली.
मी अजून बोलले नव्हते.
वरून आबांचा आवाज आला. दिवाळीनंतर पहिल्यांदा, अगदी स्वच्छ. "सोडलं."
मी तशीच पडून राहिले. बाजेखाली जागा एकाच माणसाची आहे. तरी मी शेजारी कुणी असल्यासारखी अंग चोरून, एका कडेला सरकून बाहेर आले.
दुपारी हे आले. पाय मोकळा बघितला, आबा बोलले ऐकलं, आणि ओसरीवर मटकन बसून लहान पोरासारखे हसायला लागले.
"तू म्हणलीस न्हवं, खालनं?"
मी व्हय म्हणाले.
आता पाय शांत आहे. आबा पोटभर जेवले. आत्ता लिहितेय तर आबा कुशीवर वळलेत, आपले आपण. बाजेच्या कडेवरून वाकून बाजेखाली बघतायत. मघापासून.