खताच्या पुस्तिकेतली शेळी

अंजूच्या आईस,

तू वारल्यापासून पोरीला दिवसा सांभाळायला कोणी नाही. बालवाडीत घेतलं नाही तर तुझी आई तिला शिरूरला नेणार होती. म्हणून महिनाभर मी तीन वर्षांच्या पोरीकडून अक्षरं घोटून घेतली. दोनदा हातही उचलला.

आज बालवाडीच्या बाईंनी फळ्यावर 'अ' काढून विचारलं. अंजू माझ्यामागं लपली. मग बाईंनी तिच्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं. तिनं ओळीवर बोट ठेवलं अन् सुरू झाली, "शेळी लई लांब गेली, पालीच्या धरणावर गेली. मंग काय झालं गं माय?"

बोलण्याची लकब अगदी तुझी. खताच्या पोत्यासोबत आलेली पुस्तिका उघडून तू तिला हीच गोष्ट सांगायचीस. "लिहिलंय काय अन् वाचतीस काय!" म्हणून मी हसायचो.

बाई म्हणाल्या, "अहो, अक्षरं येतील सावकाश. घेतलं हिला. घरी कोण वाचून दाखवतं?"

"मी," म्हणालो.

संध्याकाळी अंजू ती पुस्तिका घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसली. शेळी धरणावर पोचल्यावर पुढं काय व्हायचं, ते मी कधी ऐकूनच घेतलं नव्हतं.

अंजूचे वडील,
भागवत