पाळण्याची कडी

नांदेड,
२ सप्टेंबर २०२५

ती. राजश्रीताईस,
इराचा सा. न. वि. वि.

आधी झालं तेवढंच लिहिते.

१. रविवारी लातूरला तुझ्या कंपनीचं भूकंप-स्मृतिदालन पाहिलं. उद्घाटन तीस तारखेला आहे.
२. पहिल्याच फलकावर (अजून कागदी नमुनाच लावलाय) तुझा फोटो आहे. खाली मजकूर: माती-लाकडाचं घर कोसळलं, चार महिन्यांची राजश्री पाळण्यात वाचली.
३. शेजारी काचेत आपल्या जुन्या घरातली पाळण्याची कडी आहे. मागच्या दिवाळीत तू ती आमच्याकडून ‘पोरांना दाखवते’ म्हणून नेली होतीस.
४. दालनातून बाहेर पडायचा रस्ता कंपनीच्या नमुना-फ्लॅटमधून जातो.
५. माझ्या बाबांचं, म्हणजे तुझ्या काकांचं, नाव कुठेही नाही.

घर कोसळलं नव्हतं. दगडी भिंती पडल्या आणि भिंतीलगत झोपलेली सरजाबाई आजी गेली. पण वरचं मातीचं छत, माळवद, भिंतींवर नव्हतंच, ते सागवानी खांबांवर होतं, आणि खांब उभे राहिले. पाळणा तुळईला टांगलेला होता म्हणून तू टांगलेली राहिलीस. बाबांनी आत शिरून तुला काढलं. बाबा गेल्यावर हे सांगणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी सांगते.

त्यातले तीन खांब आमच्या गच्चीवर आहेत. काल मोजले. वरचे सांधे शाबूत आहेत. छत खाली आलं असतं तर ते फाटले असते. बुडाशी करवतीचा काप आहे, तो ट्रकमध्ये मावावेत म्हणून घेतलेला असावा.

घर उभारणारे पंढरीकाका सुतार पुनर्वसनाच्या नव्या गावात आहेत. त्यांच्या लाकडाखाली माणसं मेली, हे बत्तीस वर्षं ऐकत आलेत. तुझ्या कंपनीने त्यांना उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसायचं आमंत्रण दिलंय. येताना मी त्यांच्याकडे थांबले, तर त्यांनी मला एवढंच विचारलं, “बाई, माझं काम खोटं निघालं का?” तेव्हा मी मोजलेलं नव्हतं.

फलक बदलायला हवा. फोनवर तू भाच्यांच्या अभ्यासावर जातेस, म्हणून पत्र. मुलांना पापा. लोभ उणा करू नकोस.

तुझी,
इरा

लातूर,
७ सप्टेंबर २०२५

चि. इरा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र होतं का हापिसातला अहवाल, हे दोनदा वाचूनही कळलं नाही. धाकट्याला ताप होता, आता उतरलाय. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

इरा, तू जळतेस. आजची गोष्ट नाही. दर तीस सप्टेंबरला पेपरवाले यायचे, मला नवा फ्रॉक मिळायचा. एका वर्षी तो हौदात सापडला. कुणी टाकला हे घरात सगळ्यांना माहीत होतं, काकांनी मांजरावर घातलं. आणि मार्चमध्ये याच कंपनीच्या टॉवरचं डिझाइन मिळावं म्हणून तू अर्ज केला होतास. काम पुण्याच्या माणसाला गेलं, तेव्हापासून तुला सागवान आवडायला लागलं.

काकांनी तुला सगळं सांगितलं, एक सोडून. ते खांब उभे असताना कापलेत. पडलेल्या घराला नवं घर, उभ्या घराला नुसती दुरुस्ती, असं लोक बोलत होते. गुरुवारी पंचनामा होता. बुधवारी काकांनी आणि माझ्या बाबांनी खांब करवतीने कापले, दोर लावून माळवद ओढलं. पंढरीकाका तेव्हा पाय मोडून सोलापूरला दवाखान्यात होते. परत आले तर ढिगारा. काकांनीच त्यांना सांगितलं की पडलं. दोन्ही भावांना घरं मिळाली. काकांनी आपलं विकून तुला इंजिनिअर केलं.

त्या फलकावर फ्लॅट विकले जातात, हे मला कळत नाही असं समजू नकोस. साइटवर गिऱ्हाइकांना ती ओळ मीच सांगते. पगार त्याचाच आहे. पण खोटं माझ्या कंपनीने सुरू केलं नाही. खरं सांगायचं तर अख्खं सांग, आपल्याला हवं तेवढंच नाही.

तब्येतीला जप. माया आहे तशीच आहे.

तुझी,
राजश्रीताई

नांदेड,
१४ सप्टेंबर २०२५

ती. राजश्रीताईस,
सा. न. वि. वि.

धाकट्याचं विचारायला हवं होतं. चुकलं.

खांब पुन्हा पाहिले. काप आडवा पडलेल्या लाकडावरचा नाही. तिन्हींवर तो जवळपास पार जातो आणि शेवटच्या दोन बोटांएवढ्या जाडीतले तंतू ओढून तुटलेत. उभा खांब दोर लावून पाडला की असंच होतं. हे पहिल्या दिवशीच ओळखायला हवं होतं. बाबांची करवत होती म्हणून मला ट्रक दिसला.

फ्रॉक मीच टाकला होता. अर्जाचंही खरं आहे. आणि मी लिहायला बसले ते बाबांचं नाव नव्हतं म्हणून. पंढरीकाका नंतर आठवले.

काल नव्या गावात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, कुठला खांब पहिला कापला. काप पाहून मला पूर्वेचा वाटला, तसं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “तो सगळ्यात जाड होता. सकाळ गेली असंल दोघांची.” मग हसले. उद्घाटनाला येणार आहेत.

फलकासाठी मजकूर असा: ‘घर उभं राहिलं. बांधणारे पंढरी सुतार. राजश्रीला बाहेर काढणारे रेणुकादास. नवं घर मिळावं म्हणून नंतर ते घरच्यांनीच पाडलं.’ बाबांचं नाव आता आलंय, पण मला हवं होतं तसं नाही. पाडणाऱ्यांत तुझ्या बाबांचं नाव घालायचं का, ते तू ठरव.

कंपनीला मी माझ्या सहीने लिहीन, तुझा उल्लेख न करता. तरी झळ तुलाच लागेल, हे मला माहीत आहे. फोटो तुझा आहे, म्हणून तुझ्या होकाराशिवाय पाठवणार नाही. फलकाची पक्की छपाई बावीसला आहे. होय किंवा नाही, शनिवार, वीस सप्टेंबरपर्यंत कळव.

तुझी,
इरा