चाळीस सेकंद थांबून

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, इस्पितळाच्या लॅबमध्ये स्लाइडवरच्या पेशी तपासण्यात एकतीस वर्षे घालवलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणी मागे लागलेले नसताना लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी मला समोर बसवून, माझ्याशी बोलून दिला आहे. याआधी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील ठेव माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावी. भावाने हिस्सा मागू नये. आईच्या आजारपणात तो एकदाच आला, तोही कपाटाचे माप घ्यायला.

२. लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना काही ठेवलेले नाही. त्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात.

३. माझी लंगडी खुर्ची विभागप्रमुखांना द्यावी. एआय बसवले त्या दिवशी ते म्हणाले, "बाई, आता तुम्ही फक्त लक्ष ठेवायचं." स्लाइड मशीन वाचणार, आम्ही 'मान्य' दाबायचे. 'अमान्य' दाबले तर दोन पानी खुलासा. पहिल्या आठवड्यात मी नऊ खुलासे लिहिले. सात बरोबर निघाले, तरी कामाच्या तक्त्यात मी तळाला गेले. मग मीही शहाणी झाले.

फार लवकर 'मान्य' दाबले तर वर कळायचे. म्हणून आम्ही सगळ्याजणी चाळीस सेकंद थांबून दाबायला शिकलो. तेवढ्यात कोणी भाजी निवडायचे, कोणी फोन बघायचे. मी भाचीसाठी स्वेटर विणला.

४. भाचीला किल्ली देण्याआधी वकिलांनी हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

बाळ, तुझ्या आईची स्लाइड माझ्याच टेबलावर आली होती. स्लाइडवर नाव नसते, नंबर असतो. पण ती सबब नव्हे. मशीनने 'निर्दोष' म्हटले, मी चाळीस सेकंद विणले आणि 'मान्य' दाबले. पुढे तिचे दुखणे वाढले. मी विचारले तर म्हणाली, "ताई, रिपोर्ट तुमच्याच लॅबचा आहे ना? मग मी कशाला जिवाला घोर लावून घेऊ?" तेव्हा तरी मी स्लाइड काढून पाहायला हवी होती. पुन्हा खुलासा लिहायचा कंटाळा केला. अकरा महिने ती दुसरीकडे तपासायला गेली नाही. ती वारल्यावर मी स्लाइड पाहिली. डाव्या कडेला कॅन्सरच्या पेशी होत्या, पहिल्या नजरेत दिसणाऱ्या.

मावशीने जिवाचे रान केले, असे तू लोकांना सांगतेस. ते थांबव. स्लाइडचा नंबर आणि माझा जबाब सोबत जोडला आहे. तक्रार कर. मशीनवर ढकलून मला सोडू नकोस, आणि माझ्यावर ढकलून इस्पितळाला सोडू नकोस. घर नको वाटले तर नाकार. मला राग येणार नाही, येण्याची सोयही नसेल. जिवंतपणी तुझ्या तोंडावर हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

५. साक्षीदारांनी सगळे वाचूनच सही करावी.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिले, डॉक्टर: वाचले. सही.

साक्षीदार दुसरी, शेजारच्या टेबलावरची: सगळे वाचले. कलम तीन आणि चार खरे आहे. माझ्या टेबलावरून गेलेल्या स्लाइड अजून कोणी काढून पाहिलेल्या नाहीत. सही.