मले म्हणणाऱ्या नापास

सोमवार, सांजवेळ, घाटंजी

माही बोली मारून टाकली, अन् मारणारी माहीच नात!

पल्लवी यवतमाळच्या कॉलेजात कम्प्युटर शिकते. दिवाळीत माहं बोलणं फोनमधी भरून नेलतं, त्यावर बोलणारी मशीन बनवली. आज चहा पेता पेता सांगे, "आजी, आत लय छोट्या छोट्या मशिनी असतात. एकमेकींचं पाहून शिकतात. चांगली बोलली तिच्यासारख्या आणखी बनवायच्या, बाकीच्या पुसून टाकायच्या. पिढीमागं पिढी सुधारत जाते."

ठीक. बियाण्याले आपणही टपोरं कणीसच ठेवतो. पण मशीन बोलली काय? "मला भूक लागली."

"अन् 'मले' कुठी गेलं व?"

"'मले' म्हणणाऱ्या पहिल्याच पिढीत गेल्या. मार्क कमी पडले त्यांना."

"मार्क कोणं देल्ले?"

"मीच. बाहेरच्यांना समजलं पाहिजे ना, आजी!"

बाहेरच्यांले समजावं म्हणून घरच्यांले पुसलं? 'मले भूक लागली' म्हणत माह्या पदराले लटकणारी हेच पोरगी, अन् तिनंच 'मले' नापास केलं. मशिनीले काय बोलू, ते तर पाहूनच शिकते. पण ही कोणाचं पाहून शिकली? लाज वाटली का माही? का मीच उगाच जळून राह्यली? नाही, उगाच नाही.

उद्या जेवणाआधी जवाब पाहिजे. कॉलेजातल्या मास्तरवर ढकलाचं नाही. मार्क जिनं देल्ले तिनंच बोलावं, अन् मशिनीनं मधात तोंड घालू नये.