खिशावरचं नाव

प्रिय ठमे,

लेकीचं नाव ठरवलंस म्हणतेस, आणि तेही तेच! वाचलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. वर लिहितेस, हे नाव कधी म्हातारंच होत नाही. होईल कसं? शाळेच्या दारात त्या नावानं हाक मारली की चार पोरी वळतात, आणि त्यांतल्या दोघींच्या आयाही वळतात.

ते आलं कुठून, ऐक. आमच्या बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या थोरल्या सिस्टरचं ते नाव. तिच्याआधी इथं कुणाचं नव्हतं. तिथं बायकांनी पायंडाच पाडला होता, मुलगी झाली की ती जिच्या हातात पहिल्यांदा आली तिचं नाव ठेवायचं. आता हात कुणाचे? माझे, मी तिथं आया होते ना. पायाळू, अडलेली, गळ्याला नाळ गुंडाळलेली, सगळी मी सोडवली. सिस्टर यायची सही करायला, केसाची बट न हलवता. आणि नाव तिचं! आयत्या बिळावर नागोबा. मला सगळ्या मावशी म्हणायच्या, माझ्या नावाची एक पोर नाही या गावात. तीस वर्षं मी तिथं हसून छान नाव म्हटलं आणि घरी येऊन भांडी आपटली. तुझे आजोबा विचारायचे, त्या पातेल्यानं तुझं काय घोडं मारलंय.

हे नाव ठेवशील तर माझ्या दारात येऊ नकोस, असं लिहायला कागद काढला होता. त्याआधी म्हटलं, पोरीच्या दुपट्यांना मऊ कापड बघावं. ट्रंकेतून माझा जुना एप्रन काढला, फाडायला. सिस्टरनं अंगावरून उतरवलेला, तोच मी नोकरीभर धुऊन घातला. खिशावर लाल दोऱ्याची कसलीशी नक्षी होती. मला तेव्हा कुठं वाचता येत होतं? तू दुसरीत असताना मला पाटीवर गिरवायला लावलंस, ते पुष्कळ नंतरचं. काल ती नक्षी अक्षर अक्षर लावून वाचली.

तिचंच नाव, ठमे. कळा देऊन दमलेल्या त्या बाया माझ्या खिशावरचं वाचून ते माझंच नाव समजत होत्या. एवढ्या पोरी माझ्या, आणि मी त्यांच्यावर जळत बसले! सिस्टरला हे ठाऊक होतं का, ती गेली, आता विचारू कुणाला. ठाऊक असेल तर माझा राग आहे तो आहेच. तू नाव तेच ठेव. पण कुणाचं ठेवलं असं कुणी विचारलं आणि सिस्टरचं म्हणालीस, तर याद राख. एप्रन पाठवतेय. फाडायचा नाही.

तुझीच,
आजी