मंदाकिनीचा रणगाडा

डोंबिवली (पूर्व)
१७ जुलै १९९५

ती. भाऊंस,
त्र्यंबकचा सा. न. वि. वि.

आपला गुडघा आता कसा आहे? मोहने गावी पत्र पोचेपर्यंत तो बरा झालेला असावा अशी आशा करतो. आमच्याकडे प्रकृती ठीक, मन मात्र ठीक नाही. कारण आपली भगिनी.

चि. मधु नोकरीवर रुजू व्हायला बडोद्याला गेला हे आपण जाणताच. जाताना त्याचा तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम इथेच ठेवून गेला आणि आईला सांगून गेला की पावसाळ्यात अधूनमधून चालू करत जा, नाहीतर आत दमट होऊन बिघडेल. झालं. पापडांना ऊन दाखवावं तशी मंदाकिनी त्या यंत्राला वीज दाखवू लागली. अधूनमधूनचं रोज झालं. आता त्या यंत्रात ओल शोधून सापडणार नाही.

खेळ असा. पडद्याच्या तळाशी विटांच्या भिंतीआड एक गरुड बसलेला असतो. वरून शत्रूचे रणगाडे येतात. आपण आपला रणगाडा फिरवून त्यांना उडवायचं आणि गरुड राखायचा; एक मैदान मारलं की पुढचं लागतं. जिने आजवर झुरळ मारायलासुद्धा मला हाक मारली ती दोन मुलांची आई दाताखाली जीभ धरून रणगाडे उडवते आहे. शेजारच्या सुमतीबाई निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणून हिला चार शब्द सांगा अशी मी त्यांना विनंती केली. त्या सांगायला म्हणून आल्या आणि दुसरा रिमोट घेऊन बसल्या.

परवा ठाण्याहून कचेरी आटोपून आलो तर दूध करपलेलं, चहाचा पत्ता नाही. बातम्या लावायला गेलो तर म्हणाली, एवढं मैदान संपू दे. उजवा अंगठा सुजला आहे, त्याला आंबेहळद लावते आणि पुन्हा बसते. छंद असू नये असं मी म्हणत नाही. शनिवारी आमचीही रमी असते. पण ती चौघांत बसून होते, त्यातून माणसं जोडली जातात आणि त्यापायी घरात कुणाचं काही अडत नाही. चहा-भजी तेवढी लागतात, ती मंदाकिनी करतेच.

आपण वडील आहात. आपला शब्द ती मोडणार नाही. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, या खेपेला तो एका कडक पत्राच्या रूपाने दिसावा.

आपला,
त्र्यंबक


मोहने
२४ जुलै १९९५

चि. सौ. मंदास,
भाऊचे अ. उ. आ.

त्र्यंबकरावांचं पत्र आलं. वाचून दुःख झालं म्हणण्यापेक्षा आश्चर्य अधिक वाटलं. खेळायच्या वयात तू कधी सागरगोटेही धड खेळली नाहीस आणि आता हे कसलं वेड घेऊन बसलीस?

मंदा, प्रत्येक गोष्टीला प्रमाण असतं. प्रपंचाची जबाबदारी एकीकडे आणि करमणूक एकीकडे. शिवाय प्रकृतीचा विचार कर. डोळे जातात, मान धरते, अंगठा तर तुझा गेलाच आहे असं कळतं. हाताला चाळाच हवा असेल तर विणकाम कर. त्यातही अंगठा दुखतो, पण शेवटी हातात स्वेटर येतो. उत्तराला सासरी थंडीत उपयोगी पडेल. नाशिकला गारठा फार.

हे मी रागाने लिहीत नाही. तू शहाणी आहेस, इशारा पुरे. आशीर्वाद आहेतच, ते वाया जाऊ देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

ता. क. मंदावन्सं, मी मालन. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून खाली जागा होती तेवढ्यात लिहिते. प्रमाणाबद्दल वर लिहिलंय ते लिहून लगेच तुमचे भाऊ क्लबात कॅरम खेळायला गेले, ते अजून जेवायला आलेले नाहीत. जो गुडघा भाजी आणायला वाकत नाही तो कॅरमच्या पाटाशी बरोबर वाकतो. त्या गरुडाचं पुढे काय होतं ते मात्र कळवा.


डोंबिवली
३१ जुलै १९९५

ती. भाऊस,
मंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वहिनीची ता. क. चारदा.

दूध करपलं हे खरं आहे. अंगठा सुजला हेही खरं. यांनी काही खोटं लिहिलेलं नाही, फक्त दुपारचं लिहिलंय ते संध्याकाळी पाहून. यांचा डबा, पाणी, कपडे, बाई आली नाही तर भांडी, हे सगळं उरकून मी मोकळी होते तेव्हा दुपारची अख्खी इमारत झोपलेली असते. एरवी मी त्या वेळी तांदूळ निवडायचे. निवडलेले तांदूळसुद्धा पुन्हा निवडायचे, कारण मधु गेला, उत्तरा गेली, आता दोघांच्या भाताचे तांदूळ ते किती.

पहिल्या दिवशी खरंच ओल जावी म्हणूनच लावलेला. पण बटण दाबायच्या आधीच एक रणगाडा आला आणि तो गरुड मेला. मला फार लागलं रे. कुणीतरी आपल्या भरवशावर बसलं होतं आणि आपण नुसत्या बघत राहिलो असं वाटलं. म्हणून दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा का लावला ते मात्र सांगता येत नाही. वहिनीला सांग, तो एक मैदान जगला की पुढच्या मैदानात पुन्हा तसाच येऊन बसतो. त्याला राखणं कधी संपत नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती यांनाही नीट ठाऊक नाही. उत्तरा दर गुरुवारी दुपारी समोरच्या विमलाबाईंकडे फोन करते. गेल्या गुरुवारी विमलाबाईंनी हाक मारली तेव्हा सुमतीबाई आणि मी कधी नव्हे ते इतक्या पुढच्या मैदानात पोचलेलो की मी तिथूनच ओरडले, येते, थांबायला सांगा. गेले तेव्हा तिने ठेवून दिलेला. नाशिकहून ट्रंक कॉल, ती पोर किती थांबणार? शनिवारी तिच्या सासूबाईंचं पत्र आलं. आपली उत्तरा आई होणार आहे. ते सांगायलाच तिने फोन केला होता, आणि मला ते परक्याच्या अक्षरात वाचावं लागलं.

त्या दिवशी मी तो गेमचा डबा कपाटावर ठेवला. आज सोमवारी परत काढला. इतकी मी शहाणी आहे.

बाकी ठीक. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो, कधीकधी एकाचे दोन रणगाडे दिसतात. तहानही फार लागते, तांब्या शेजारी घेऊनच बसते, आणि तळपायांना मुंग्या येतात. उन्हाळा संपला तरी अंगातला गेला नाही असं सुमतीबाई म्हणतात. वयाचंच असणार.

विणकाम करणार नाही. रागावलास तरी चालेल, पण ते दोन ओळींत रागाव आणि उरलेल्या पत्रात मोहन्याची हालहवाल लिही.

तुझी,
मंदा


डोंबिवली (पूर्व)
२१ ऑगस्ट १९९५

ती. भाऊंस,
त्र्यंबकचा सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बसलो ते तिसऱ्यांदा. पहिल्या दोन्ही वेळी माझीच बाजू फार चांगली लिहून झाली, म्हणून फाडली.

आपल्या पत्राचा उपयोग होईना, म्हणून मीच उपाय योजला. गेमचा अडॅप्टर काढून कचेरीत नेला आणि खणात कुलूपबंद केला. घरी आलो तो चहा वेळेवर, उसळ उत्तम, बातम्या अथपासून इतिपर्यंत. मी समजलो, मंदाकिनीला पटलं.

मंगळवारी, ८ तारखेला, आमच्या कचेरीतले एक गृहस्थ, माजिवड्याला राहतात, डोंबिवलीत काही कामाने आलेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तुमच्या वहिनींना पाहिलं, स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेमच्या गाळ्यात, कॉलेजच्या मुलांच्या रांगेत उभ्या होत्या. बरोबर एक चष्मेवाल्या बाई होत्या आणि त्या मुलांना रांग मोडू देत नव्हत्या. भाऊ, मला वाटलं धरणी दुभंगावी. पण कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे.

मी त्याच दिवशी लवकर निघालो, तिला तिथेच गाठायचं ठरवून. काय बोलायचं ते वाटेत जुळवलंसुद्धा. गाळ्याशी पोचलो तर गर्दी. आत मंदाकिनी बाकावर आडवी, डोळे मिटलेले, सुमतीबाई पदराने वारा घालताहेत आणि गाळ्याचा मालक बाबुराव रिक्षा बोलवायला धावलेला. खेळता खेळता एकदम अंधारी येऊन ती स्टुलावरून खाली घसरली होती. मी जुळवलेलं सगळं विसरलो.

दवाखान्यात तिला झोपवल्यावर मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की हा सगळा त्या व्हिडिओ गेमचा प्रताप. त्यांनी रक्त काढलं. साखर भयंकर वाढलेली. मग मला विचारू लागल्या, तहान कधीपासून लागते, दृष्टी कधीपासून अंधुक, पायाला मुंग्या कधीपासून. उत्तरं सगळी सुमतीबाई देत होत्या. शेवटी विचारलं, दुपारी केव्हा जेवतात. मी म्हणालो, वेळेवर. सुमतीबाई म्हणाल्या, खेळ सुरू झाल्यापासून केव्हातरी, उभ्याने, पातेल्यात उरलेलं, आणि त्याआधीही तसंच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की साखर खेळाने होत नाही. ही दोनेक वर्षांची असावी. पण असं उपाशी नाहीतर अवेळी जेवून तासन्‌तास एका जागी बसणं म्हणजे दुखण्याला पाट मांडून देणं. पडद्यावर एकाचे दोन दिसत होते तेव्हाच यायला हवं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, आलाच आहात तर हात पुढे करा. माझा रक्तदाब निघाला. शनिवारची भजी बंद.

आता गोळ्या सुरू आहेत, ती हिंडती-फिरती आहे, काळजी नसावी. अडॅप्टर मी परत आणून जागेवर ठेवला. तो आणताना शिपायाने विचारलं, साहेब, हे काय आहे. मी म्हणालो, औषध आहे. का म्हणालो ते ठाऊक नाही.

वहिनींना नमस्कार. माझ्याविषयीचा लोभ थोडा कमी झाला असल्यास ते रास्तच आहे.

आपला,
त्र्यंबक


मोहने
२८ ऑगस्ट १९९५

श्री. त्र्यंबकरावांस,
भाऊचा स. न. वि. वि.

पत्र वाचून रात्रभर झोप नाही. आमच्या मातोश्रींनाही शेवटी हेच होतं, आणि ते मला आठवायला हवं होतं. मी मंदाला स्वेटर विणायला सांगत बसलो.

मालनने मला हाताला धरून नेलं आणि माझंही रक्त तपासून घेतलं. मलाही आहे. गुडघ्याचंही मूळ वजनात आहे म्हणतात. मी डॉक्टरांना विचारलं, कॅरमचा काही संबंध असेल का? ते नाही म्हणाले. मालन म्हणाली, आहे. आता क्लबात रोज चालत जायचं आणि जेवायच्या वेळी चालत परत यायचं, असं तिने ठरवून दिलं आहे.

मंदाला म्हणावं, भाऊ चुकला. आपला स्नेह आहे तसाच आहे, उलट आता पथ्यही एकच झालं.

आपला,
भाऊ


डोंबिवली
२ ऑक्टोबर १९९५

ती. भाऊ आणि सौ. वहिनीस,
मंदाचा शि. सा. न. वि. वि.

वहिनी, तुम्ही पाठवलेलं मेथीचं पीठ मिळालं. कडू आहे, पण प्रेमाने खाते.

मी बरी आहे. साखर उतरते आहे. सकाळी सुमतीबाई आणि मी मैदानाला फेऱ्या मारतो. त्या मागे राहिलेल्यांना अजूनही पुढे बोलावतात, शाळेची सवय. दुपारी मी आधी पान मांडून बसून जेवते, मग खेळते. शेजारी घड्याळाचा गजर लावलेला असतो. तो वाजला की गरुड संकटात असला तरी उठायचं. पहिल्या दिवशी उठताना पाय निघेना. आता निघतो, रोजच निघतो असं मात्र नाही. गुरुवारी गेम लावतच नाही. जेवले की विमलाबाईंच्या फोनपाशी जाऊन बसते. उत्तरा आधी दोन आठवडे तुटक बोलली. मी माफी मागितली तर म्हणाली, आई, मी रागावले नव्हते, मला फक्त तुला आधी सांगायचं होतं. दोघीही फोनवर रडलो, आणि विमलाबाई आत जाऊन उगाच भांडी वाजवत बसल्या. डिसेंबरात तिला इकडे आणायचं आहे.

यांचं सांगायचं तर हे संध्याकाळचा कुकर लावतात. पहिल्या दिवशी शिट्ट्या मोजत कुकरसमोर उभे राहिले, जसं काही तो पळून जाणार होता. रमी चालू आहे. भज्यांऐवजी आता काकडी असते, त्यामुळे चौघांतले दोघे येत नाहीत. यांचं म्हणणं, माणसं जोडली जातात ती कशाने हे आता कळलं.

गेल्या रविवारी सुमतीबाई गावाला गेलेल्या. मी एकटीच खेळायला बसले होते. हे वर्तमानपत्र घेऊन मागे घुटमळत होते. मग म्हणाले, हा दुसरा रिमोट नुसताच पडून आहे, त्यालाही ओल लागत असेल. मी सरकून जागा केली.

त्यांना कशाने वळायचं, कशाने गोळी मारायची ते दाखवलं. पण हे जागचे हलेनात. गरुडाच्या भिंतीशी आपला रणगाडा उभा करून नुसते थांबले. मी म्हटलं, पुढे चला, शत्रू वर आहेत. तर म्हणाले, तू जा, कुणीतरी घरी थांबायला हवं.

भाऊ, मी आजवर त्या गरुडापासून कधी दूर गेलेली नव्हते. जायचं आणि लगेच मागे वळून बघायचं, असंच खेळले होते. त्या दिवशी मी थेट पडद्याच्या वरच्या टोकापर्यंत गेले. तिथे काय आहे ते पहिल्यांदा नीट पाहिलं. विशेष काही नाही, विटाच आहेत. पण फार बरं वाटलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. बातम्यांची वेळ झाली का म्हणून यांनी घड्याळाकडे पाहिलं, त्यात बोट दाबलं गेलं आणि यांच्याच गोळीने गरुड गेला. गजर वाजायला अजून अवकाश होता. यांनीच बटण दाबलं आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

गुडघ्याला जप, पथ्य सोडू नकोस, आणि माझ्यावर माया आहे ती उपदेश न करता कर.

तुझी,
मंदा