वरच्या कॉम्प्युटरची झोप

चि. बुटकीस,

बाबांचे आशीर्वाद. (उंचीने तू मला कधीच मागे टाकलंस, पण पत्रात बुटकीच राहशील.) इकडे आम्ही ठीक, म्हणजे माझे गुडघे सोडून. तुझा खोकला गेला का? फोनवरच विचारलं असतं, पण दोन वाक्यं झाली की तुझी आई माझ्या हातून फोन काढून घेते आणि मग मला नुसतं तिचं हसणं ऐकायला मिळतं. म्हणून पत्र.

तर तुझ्या त्या रिमोट डेस्कटॉपची कथा. डॉक्टरांनी मला जिना बंद केला. माझे सगळे नकाशे वर तुझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये, आणि गुडघे खाली. जाताना तू जोडणी करून दिलीस, की बाबांनी खालच्या लॅपटॉपवरून वरचा कॉम्प्युटर खुशाल चालवावा. आठवडाभर चालवला. मग राउटर बंद होऊन चालू झाला आणि वरच्याने नेटवर्कवरचा आपला नंबरच बदलला. (घर तेच, खोली तीच, टेबल तेच, पत्ता मात्र नवा. जन्मभर नकाशे काढले, पण असा लबाड पत्ता पाहिला नाही.) तू सांगितलंस तसा तो नंबर कायमचा बांधून टाकला, तर दारावर राखण करणारी ती फायरवॉल मला ओळखच दाखवेना. तिची समजूत काढेपर्यंत कॉम्प्युटर झोपी गेला. तो झोपला की खालून कितीही हाका मारा, हूं नाही की चूं नाही. कुणीतरी वर जाऊन माऊस हलवावा लागतो. म्हणजे मी जिना चढू नये म्हणून तुझी आई जिना चढायला लागली.

खरी मजा पुढेच. ती वर तुझ्या खुर्चीत बसून माऊस हलवायची, मी खालून आत शिरायचो. शिरलो की वरून ओरडा, "अहो, गेलं! कुलूप आलं स्क्रीनवर!" ती लगबगीने पासवर्ड घालून कुलूप काढायची, की इकडे मी बाहेर. मी परत आत, की तिकडे परत कुलूप. अख्खी सकाळ आम्ही एकमेकांना तुझ्या कॉम्प्युटरमधून हाकलत होतो आणि दोघंही तुझ्या नावाने खडे फोडत होतो. शेवटी ती भांडायला खाली आली, आणि वर कुणी नसल्यामुळे जोडणी टिकली! तेव्हा डोक्यात उजेड पडला, की तिथे एका वेळी एकालाच आत घेतात. स्क्रीनवर तू ठेवलेला फोटो आला, जीभ बाहेर काढलेला. भांडण राहूनच गेलं. दोघंही बराच वेळ नुसते बघत बसलो. नकाशा उघडायचं मला आठवलंसुद्धा नाही. घर फार शांत झालंय गं.

बाकी क्षेम. वेळेवर जेवत जा.

तुझे, खालच्या मजल्यावरचे,
बाबा

ता. क. : "मी इथूनच आत शिरते आणि पाच मिनिटांत दुरुस्त करते," असं तू आईला म्हणालीस म्हणे. कृपा करून करू नकोस.

आणखी एक ता. क. : झोप बंद करायची सेटिंग मला परवाच सापडली. 'कधीच नाही' असा पर्याय आहे तिथे. मी त्याला हात लावलेला नाही. तुझी आई हल्ली दुपारभर तुझ्या खुर्चीत बसून असते, आणि मी विचारलं तर माऊस हलवतेय म्हणते. हे काम तिच्याकडून काढून घ्यायची माझी छाती होत नाही. तू ये आणि काढून घे.